आईंना मी बघते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या चर्चच्या मंडळीचे पाळकसाहेब. व्यासपीठावर विराजमान मिशन समितीचे चिटणीस. महिला मंडळाच्या अध्यक्षा पाळकीणबाई. सुरेल गाणी म्हणून आता खुर्च्यांवर चुळबुळणारं आपलं गायनमंडळ. आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावाने सर्वांना माझा सलाम.

कुटुंबाच्या वतीने दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. खरं तर हा मान आमच्या ह्यांचा. सख्खे भाऊ आहेत ते. पण बहिणीचा विषय निघाला की ते नुसते खोकत बसतात. म्हणून माइक माझ्या हाती आला. मी शिवणकाम करणारी बाई. कापड मापात बेतता येतं, बोलणं मापात राहीलच असं सांगता येत नाही. चिटणीससाहेब आत्तापासूनच घड्याळाकडे बघतायत, ते माझ्या लक्षात आलंय.

ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या माझ्या नणंदबाई. मी त्यांना वन्सं म्हणते. समुद्रापलीकडे आपल्या मंडळीच्या आधाराने जे प्रसूतिगृह चालतं, तिथं त्या ऐन तारुण्यापासून परिचारिका आहेत. मघाच्या वक्त्यांनी त्यांना दीपस्तंभ म्हटलं, ते योग्यच आहे. मी पडले घरातली. मला त्या ओला टॉवेल गादीवर टाकून विसरणाऱ्या म्हणूनही ठाऊक आहेत.

खरं सांगू का? त्यांचं कौतुक ऐकताना इतकी वर्षं माझ्या पोटात थोडं दुखायचं. दर रविवारी प्रार्थनेत त्यांचं नाव. आणि त्यांच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आंघोळ घालून, केस विंचरून उपासनेला घेऊन येणारीचं नाव कोण घेणार? तिला उशीर झाला की माना वळवून बघणारे मात्र पुष्कळ. हसताय कसले, त्यात तुम्हीही होतात.

गेल्या वर्षी आपल्या मंडळीचा एक गट तिकडे सेवेला जायचा ठरला, तेव्हा मी पटकन होकार दिला. पाळकीणबाईंना वाटलं, हिला सेवेचा उमाळा आला. मला फक्त बघायचं होतं, ही बाई तिथं एवढं करते तरी काय. आईंना ह्यांच्यावर सोपवून मी निघाले. तेवढ्या दिवसांत ह्यांच्या ज्ञानात फार मोलाची भर पडली.

तिथं गेल्यावर आम्हाला पहिलं काम मिळालं भिंत रंगवायचं. आम्ही हौसेने रंगवली, पुढे उभं राहून फोटोही काढले. ते फोटो तुम्ही बाहेरच्या फलकावर पाहिले असतील. मला आपली खोड, मी एका कोपऱ्यात नखाने खरवडून पाहिलं. खाली निळा रंग. त्याखाली पिवळा. त्याखाली परत निळा. मी विचारलं, "वन्सं, ही भिंत आजवर किती मंडळ्यांनी रंगवलीय?"

त्या म्हणाल्या, "वहिनी, हळू बोला. माणसं एवढ्या लांबून येतात. त्यांच्या हाताला काहीतरी काम नको का?"

चिटणीससाहेब, तुम्ही सगळ्यात हौसेने रंगवत होतात, त्यामुळे हे तुम्हाला आज कळतंय याबद्दल दिलगीर आहे. पण समोरच्याचं मन राखायची ही हातोटी बघा. प्रसूतीच्या खोलीतही तेच. पहिलटकरीण पोर, भेदरलेली, तिने झाडली लाथ. वन्संचा चष्मा उडून पलंगाखाली गेला. ह्या गुडघ्यांवर बसून चष्मा चाचपडतायत आणि तिला म्हणतायत, "ताकद आहे गं तुझ्यात, आता काळजीच मिटली." तिकडची भाषा त्या अशी काही बोलतात, की ती पोर कळा सोसता सोसता हसायला लागली. मग बाळ आलं. वन्संनी त्याला पुसलं, आईच्या छातीवर ठेवलं आणि दोघांवर हात ठेवून पुटपुटत प्रार्थना केली. मी दारात उभी होते. माझ्या पोटातलं ते दुखणं तिथंच थांबलं, हे मी तुम्हा सर्वांसमोर सांगते.

पण त्याच दिवशी एक गोष्ट घडली. एका बाळंतिणीची चादर बदलायची होती आणि तिला उठायची मनाई होती. मी पुढे झाले. तिला कुशीवर वळवलं, जुनी चादर पाठीशी गुंडाळली, नवी सरकवली, दुसऱ्या कुशीवर घेतलं, झालं. वर बघते तर वन्सं माझ्याकडे एकटक बघतायत.

"वहिनी, हात फार सरावलाय तुमचा."

"घरी रोजचंच आहे," मी म्हटलं.

मी टोमणा मारला नव्हता हो. पण तो शब्द त्यांना लागला. आईंचं हाड मोडलं, त्या अंथरुणाला खिळल्या, पुढे चाकांच्या खुर्चीत बसायला लागल्या, हे त्यांना फोनवर कळत होतं. चादर कोण बदलतं, ते त्यांनी त्या दिवशी पाहिलं. यंदा त्या सुट्टीवर आल्या आणि येऊन बघतात तर आई त्यांना ओळखेनात. तेव्हा त्यांनी पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं, "मी आता परत जात नाही. आईपाशी राहते."

वळल्या ना सगळ्यांच्या माना? होय, तुमच्यापैकी बहुतेकांना हे ठाऊक नाही. पाळकसाहेब, मला डोळ्यांनी दटावू नका. तुम्ही एवढी तयारी केलीत, तुमचं मन मोडवेना म्हणून त्या इथं हार घालून बसल्या आहेत. तिथली दुसरी परिचारिका थकून निवृत्त झाली. ह्या गेल्या नाहीत, तर त्या खोलीला कुलूप लागेल. हे त्यांना माहीत आहे आणि त्यांना झोप नाही.

आता परवा दुपारचं ऐका. वन्सं आईंची नखं कापत होत्या. आई मला लेक समजतात, पोरी म्हणतात. वन्संना समजतात दवाखान्यातली परिचारिका. त्या म्हणाल्या, "सिस्टर, हात हलका आहे तुमचा. आई आहे का तुम्हाला?"

"आहे."

"तिचं कोण करतं?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "माझी वहिनी करते."

"चांगली आहे का वहिनी?"

मी कान टवकारले, साहजिकच आहे! वन्सं म्हणाल्या, "फार चांगली आहे."

तसा आईंनी आपला हात सोडवून घेतला. म्हणाल्या, "मग इथं काय करताय? जा तुमच्या कामाला. बायका खोळंबल्या असतील."

आई माणसं विसरल्या, पण रोजची प्रार्थना विसरल्या नाहीत. समुद्रापलीकडच्या अडलेल्या बायकांना सुखरूप मोकळं कर, असं त्या अजून रोज देवाला मागतात.

वन्सं स्वयंपाकघरात येऊन रडल्या. म्हणाल्या, "आईला काय कळतंय, ती काहीही बोलते." घरी त्या मला पुढे बोलूच देत नाहीत, म्हणून आज माइकवरून बोलते. वन्सं, आईंना सगळं कळलं. समोर कोण आहे, तेवढंच कळलं नाही. आईंना मी बघते. उपकार म्हणून नाही. त्या मला पोरी म्हणतात आणि मला ते आवडतं. तुम्ही परत याल तेव्हा त्या असतील की नाही, ते तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही. मला त्याचं भय वाटतं. तरीही सांगते, तुम्ही निघा.

मान डोलावलीत? सर्वांनी पाहिलं हं. आता शब्द फिरवायचा नाही.

अध्यक्षमहोदय, आपण बोलण्याची संधी दिलीत, महिला मंडळाने एवढी बाळोती शिवून दिली, मंडळीने इतकी वर्षं साथ दिली, सर्वांची मी ऋणी आहे. घरातलं चव्हाट्यावर मांडलं, बोलण्यात अधिकउणं झालं, ते पोटात घाला. आता वन्संच्या डोक्यावर हात ठेवून पाठवणीची प्रार्थना होईल. त्याआधी पुढच्या रांगेतल्यांनी खुर्च्या जरा बाजूला घ्या, आईंची खुर्ची पुढे येऊ द्या. पहिला हात त्यांचा. कुणाच्या डोक्यावर ठेवतेय, असं त्या विचारतील. वन्सं, मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा.