न आठवलेलं वळण

बाबा: …ते सगळं खरं, पण मनगट आखडलं म्हणून कुणी असं उतरतं का? दीड मिनिटाची आघाडी, चोवीस तासांची शर्यत संपायला एक तास चाळीस मिनिटं, आणि तू गाडी त्या दात काढणाऱ्याच्या हवाली करतेस!

लेक: दंतवैद्य आहेत ते, बाबा. आमचे दुसरे ड्रायव्हर. आणि चांगली चालवतात.

बाबा: चांगली चालवतात, तर मग आपण तिसरे का आलो?

आई: आपण? तुम्ही कधी बसला होतात गाडीत?

बाबा: चोवीस तास टीव्हीसमोर बसलो होतो. ते काय कमी आहे?

आई: त्यातले सहा तास घोरत होतात. चिऊ, हात आण इकडे. अगं बाई, हे तळवे की काय! सगळे सोलवटलेत. मलम लावतेय, ओढू नकोस.

लेक: झोंबतंय गं.

आई: झोंबणारच. एकटीने किती तास चालवलीस?

लेक: अकरा. आमच्या तिसऱ्या ड्रायव्हरला, मास्तरांना, ताप भरला ना रात्री. ते गाडीतच ओकले. मग त्यांच्या वाटचंही मीच चालवलं.

बाबा: बघ! अकरा तास ओढलेस आणि शेवटच्या टप्प्यात कच खाल्लीस. एकवीस वर्षं झाली, उस्ताद. एकवीस वर्षांत तू ड्यूटी अर्धी टाकून उतरलेली नाहीस. खांद्याचं हाड मोडलं होतं तेव्हासुद्धा नाही. पहिल्या वर्षी त्या टीमवाल्यांनी तुला काय काम दिलं होतं, विसरलीस?

लेक: टायर पुसायचं. आणि पाहुण्यांना कॉफी द्यायचं.

बाबा: आणि ड्रायव्हर कमी पडला म्हणून दोन तास गाडी हातात आली, तर चार गाड्या मागे टाकल्यास. त्यानंतर कुणाची टाप होती तुझ्याकडे कॉफी मागायची? अशी तू. आणि आता म्हणे मनगट!

आई: अहो, जरा थांबा. चिऊ, कुठलं मनगट म्हणालीस?

लेक: डावं.

आई: मग मघापासून मी डावंच दाबतेय. चांगलं जोर लावून. एकदाही आई गं म्हणाली नाहीस.

(लेक हात काढून घेते.)

आई: मी शाळेत पंचवीस वर्षं मुलींचे पोटदुखीचे बहाणे ऐकलेत. मनगटाला काही झालेलं नाही तुझ्या.

बाबा: काय गं?

लेक: रागावणार नसाल तर सांगते.

बाबा: रागावेन. तरी सांग.

लेक: सरळ रस्ता संपला की एक लांब डावं वळण आहे. तिथे भिंतीला लागून, धोका असला की झेंडा दाखवणारा एक झेंडेवाला उभा असतो, पिवळे बूट घालून. मी गेले की दर फेरीला तो दोन बोटं वर करतो. मीही करते, आतून. त्याला दिसत नाही, पण करते. तर… सरळ रस्ता आठवतो मला. डाव्या वळणानंतरचं वळणही आठवतं. मधलं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा वळण संपलं होतं. हातांनी आपलं आपण सगळं केलं होतं, आणि मी तिथे नव्हतेच.

आई: देवा.

लेक: तो उभा होता का, त्याने बोटं वर केली का, काही ठाऊक नाही. आरशात बघितलं तर उभा होता. मी त्याच फेरीला गाडी आमच्या टीमच्या थांब्यावर आणली आणि उतरले.

बाबा: टीमच्या मालकांना सांगितलंस हे?

लेक: मनगटच सांगितलं. अकरा वाजता फोन करणार आहेत. पुढच्या मोसमात मी की दुसरं कुणी, ते ठरवायला.

बाबा: मग मनगटच सांग.

लेक: बाबा?

बाबा: मनगटच सांगायचं. ड्रायव्हरचा डोळा लागला, हे एकदा कागदावर आलं की पुसलं जात नाही. लोक नाव नंतर विचारतात, आधी तेच विचारतात.

आई: तुम्हाला एवढं कसं ठाऊक?

(बाबा उठून खिडकीपाशी जातात.)

बाबा: धरणाच्या खालचा तो लांब पूल आहे ना. पहाटेची बस माझ्या हातात होती. त्या आठवड्यात तिसरी डबल ड्यूटी. पुलाच्या अलीकडची टपरी आठवते, पलीकडचा चढ आठवतो. पूल नाही आठवत. बेचाळीस प्रवासी होते, उस्ताद.

लेक: मग तुम्ही काय केलंत?

बाबा: काही नाही. तेच तर सांगतोय. थांबलो नाही. पुढे सव्वा तास होता. मांडीला चिमटे काढत बस नेली. का, तर कंडक्टर हसेल, आगारात चर्चा होईल. शेवटच्या थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ उतरताना म्हणाले, छान आणलीत हो गाडी. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

आई: म्हणजे ते मांडीवरचे काळेनिळे डाग! आठवडाभर शेक दिला मी. बाकाला धडकलो म्हणालात.

बाबा: खोटं बोललो.

आई: छान. बापाची मांडी, लेकीचं मनगट.

लेक: मला कधीच का सांगितलं नाहीत?

बाबा: सात वर्षांची होतीस. शाळेत सांगत फिरायचीस, माझे बाबा सगळ्यात भारी ड्रायव्हर आहेत म्हणून. कुठल्या तोंडाने सांगणार?

लेक: अजूनही सांगते मी तसंच.

बाबा: नको सांगूस. पूल पार केला त्यात माझी काही करामत नव्हती, नशीब होतं. तू उतरलीस. पहिला नंबर सोडून उतरलीस. हे मला चाळीस वर्षं स्टिअरिंग धरून जमलं नाही, आणि मी सकाळपासून तुलाच बोलतोय.

आई: चिऊ, फोन वाजतोय तुझा.

लेक: मालकच आहेत. बाबा, काय सांगू?

बाबा: मघाशी मी जे म्हणालो, ते सोडून दे.

लेक: हं, साहेब, नमस्कार… हो, आराम आहे… नाही, साहेब, मनगट ठीक आहे. मनगटाला काहीच झालं नव्हतं. डोळा लागला होता माझा. डाव्या वळणावर… हो, गाडी चालू असताना… नाही, आधी कधीच नाही… हो, ऐकतेय… हो… समजलं… नाही, मला मान्य आहे. ठेवते.

बाबा: काढलं?

लेक: पुढच्या दोन शर्यती नाही. डॉक्टर तपासतील, त्यांनी हो म्हटलं तरच गाडी.

आई: आणि चिडले का?

लेक: नाही चिडले. म्हणाले, अकरा तास तुला गाडी मीच चालवायला लावली. पुढच्या वेळी चौथा ड्रायव्हर घेऊ. आणि म्हणाले, त्या झेंडेवाल्याला तू स्वतः जाऊन भेट.

बाबा: मी येऊ का बरोबर?

लेक: तुम्ही कशाला?

बाबा: असंच. बघावंसं वाटतं त्या माणसाला.

लेक: या. पण रस्ताभर, अशी वळव, तशी वळव, सांगायचं नाही.

आई: ते सगळं उद्या. डोळे बघा दोघांचे, कसे झालेत. चिऊ, त्या खोलीत जा. अहो, तुम्हीही आडवे व्हा जरा. मी आहे जागी.