गाडी न चालवणाऱ्यांच्या माना

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर एफ्राइन, व्यासपीठावरील मान्यवर मंडळी, आणि सीग्सीग गावच्या, गवती टोप्या विणणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो!

नोएमीबाईंनी या आरोग्य केंद्रात व्यायामोपचार करून तीस वर्षं आमच्या माना सांभाळल्या. आज त्या निवृत्त होताहेत, आणि त्यांच्याविषयी बोलण्याचा मान मला मिळाला. हसा, हसा! आपल्यात 'मान' हा शब्द जपूनच वापरावा लागतो.

माझी थोरली बहीण देल्फिना सातव्या वर्षापासून मान खाली घालून विणत आली. अकरा वर्षांपूर्वी तिची मान इतकी आखडली, की लेकीची वेणीही घालता येईना. केंद्रात तिला दहा प्रश्नांचा कागद मिळाला. जितकं अडतं तितके गुण. पंचविसाच्या वर गेलात तरच उपचार. गाडी चालवताना त्रास होतो? नाही. वाचताना? नाही. ताईला आले नऊ. कारकुनानं परत पाठवलं. आता सांगा, जिनं जन्मात गाडी चालवली नाही, तिला त्रास होणार कसा?

दुसऱ्या दिवशी नोएमीबाई आमच्या दारात. "ताई, कागद राहू द्या. काय काय करायचं सोडलंत, तेवढं सांगा."

ताई म्हणाली, "वेणी. दोरीवर कपडे टाकणं. आणि देवळात येशूकडे बघणं. त्याच्या पायांपर्यंतच नजर पोचते हो."

बाईंनी डोळे पुसले आणि कामाला लागल्या. आमच्या रोजच्या कामांवरून नवे प्रश्न लिहिले आणि साठ जणींना घरोघर जाऊन विचारले. आठवड्यानं पुन्हा तेच! आमची ओतिलिया कडाडली, "परवाच तर सांगितलं! विसरलात की काय?"

"परीक्षा तुमची नाही हो, कागदाची आहे. दुखणं तेवढंच असेल, तर त्यानंही तेवढंच दाखवायला हवं."

नव्या कागदावर ताईला एकतीस आले. वरच्या कचेरीनं तो कागद दोनदा नाकारला. तिसऱ्या खेपेला बाई मंजुरी घेऊनच परतल्या. पंचविसाची अटही काढायला लावली. उपचारांनी ताईचे एकतिसाचे चौदा झाले. शून्य नाही झाले, खोटं कशाला सांगू? पण गेल्या महिन्यात तिची लेक आठ गुणांवरच केंद्रात हजर झाली. म्हणाली, "मावशी, आईसारखी एकतिसाची वाट नाही बघायची मला."

बाई, तुमचे आभार कसे मानू? माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सर्वांनी पोटात घाला.