कंपनीच्या पोलिसांना काय म्हणायचं?

डोळ्यांत थेंब घालून दवाखान्यात बसलो होतो. डोळे मिटलेले, त्यामुळे शेजारच्या बहीणभावाचं बोलणं ऐकू येत राहिलं. ऐकायला नको होतं बहुधा.

“ताई, आम्ही एकेक पात्र होऊन बोलतो ना, त्या खेळातलं शहर भविष्यातलं आहे. पोलीससुद्धा खाजगी कंपनीचे. वस्तीतले लोक त्यांना काय म्हणतील? आज संध्याकाळी खेळायचंय.”

“मामा.”

“ते खऱ्या पोलिसांना म्हणतात गं.”

“मग कुत्रे म्हण.”

“त्यांच्यासमोर म्हणता आलं पाहिजे. त्यांना कळता कामा नये.”

“पाहुणे! आले की उठून उभं राहायचं, मागतील ते द्यायचं, वर हसायचं.”

“‘पाहुणे आले, चहा ठेवा!’ भारी आहेस तू!”

“थांब. आज तुझे भाऊजीही खेळणार आहेत ना?”

“हो, पहिल्यांदाच.”

“दिवसभर मॉलच्या दारात गणवेश घालून लोकांच्या पिशव्या तपासतात. सुट्टीच्या दिवशी हेच ऐकवणार त्यांना?”

“अगं, हे डोक्यातच आलं नाही. मग आता?”

“त्यांनाच विचार. पाठीमागे लोक काय म्हणतात, ते त्यांना ठाऊक असेलच.”

“सांगतील?”

“मला कधी सांगितलं नाही. खेळात सांगतील कदाचित.”