साइटचा दोष

नेमबाजीच्या रेंजवर एक नर्सबाई आपला नंबर यायची वाट पाहत बसल्या होत्या. आपल्या पिस्तुलाची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, सरकवायला त्यांनी ऑफिसातून स्क्रू ड्रायव्हर मागून आणला होता. समोर एका नवरा-बायकोची जुंपली होती.

"बघ, गोळी पुन्हा डावीकडे खाली! साइटच वाकडी आहे."

"अहो, सकाळपासून तीनदा उजवीकडे सरकवलीत ती."

"मग चौथ्यांदा सरकवतो. उद्या निवड चाचणी आहे, सगळ्यांसमोर शोभा व्हायची."

"द्या इकडे, मी भरून देते. हं, मारा आता."

खट्.

"अगं, उडालीच नाही!"

"घातलीच नव्हती. पण नळी कशी खाली झुकली, पाहिलंत?"

"किंचित हलली असेल."

"किंचित? डोळे मिटून घेतलेत चक्क! बार होणार म्हणून आधीच दचकता तुम्ही."

"म्हणजे साइट..."

"ती बिचारी सरळच होती, तुम्ही हात लावेपर्यंत. ताई, तुमचा स्क्रू ड्रायव्हर देता का जरा? ह्यांची साइट होती तिथे आणते."

"घ्या ना," नर्सबाई म्हणाल्या, "मला नकोय आता. आणि... माझंही पिस्तूल एकदा तुम्हीच भरून द्याल? मी तिकडे तोंड करून उभी राहते, गोळी घातलीत की नाही ते मला कळायला नको."