आमच्या सिस्टरना बदलू नका

अगं, दारात आलेल्या उमेदवाराकडे मी काय मागितलं माहितीये?

माझा दीर सागर सरकारी परीक्षेचा अभ्यास मोठमोठ्याने करतो. सकाळीच म्हणाला, "वहिनी, अमेरिकेत पूर्वी पार्टी बदलली की पोस्टातला क्लार्कसुद्धा घरी जायचा. जिंकणारा आपली माणसं बसवायचा. परीक्षा घेऊन भरती नंतर आली."

मला लगेच आमच्या सिस्टर आठवल्या. माझ्या छकुलीचा लसीचा डोस महापालिकेच्या निवडणुकीनंतर होता, आणि कांदिवलीच्या आमच्या पालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टर सोडल्या तर ती कुणाला सुई टोचू देत नाही.

नेमका संध्याकाळी उमेदवार आला. "ताई, पाणी, गटार, काय अडचण असेल ती बोला!"

म्हटलं, "दादा, जिंकलात तर आमच्या सिस्टरना बदलू नका हां."

तो गडबडलाच. "अहो, नगरसेवकाला सिस्टर नाही बदलता येत. त्या परमनंट असतात."

"नक्की ना? तुमचं माणूस नाही ना बसवणार?"

"आईशप्पथ! बायकोला तिथे लावायला मागच्या वेळी ट्राय केला होता. परीक्षा द्या म्हणाले."

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "मग बिनधास्त निवडून या दादा, काही बिघडत नाही."