माहेरच्या गादीवरची फळी

"माय, दादा वहिनीपेक्षा त्या फळीचेच लाड करून राह्यला," नणंद सासूबाईंच्या कानात पुटपुटली. मी दाराआडच होते, हे तिला कुठं माहीत!

खोटं नव्हतं ते. आमचे हे हिवाळ्यात मनालीला पर्यटकांना बर्फावर फळीवरून घसरायला शिकवतात. इथं आदिलाबादेत बर्फ फक्त गोळेवाल्याकडे. पण यांची नवी फळी पार्सलनं आली आणि तिच्यावर बूट अडकवायचे पट्टे बसवायला हे घरीच बसले. फळीला ओरखडा नको म्हणून खाली काय अंथरलं? माझ्या बाबांनी घरच्या कापसाची भरून दिलेली नवी गादी!

"जरा धर वं, हलू देऊ नको," हे मला म्हणाले. एकेक स्क्रू थोडा पिळायचा, बोटानं चाचपायचा, पुन्हा पिळायचा. "लई कसला तं आटे जातात. ढिला ठेवला तं पाय निसटते."

मी माझ्या पायाकडे पाहिलं. आमच्याकडे तेलंगी रीतीप्रमाणे लग्नात जोडवी नवराच नवरीच्या पायात घालतो. घालताना यांचं लक्ष मित्रांच्या थट्टेकडे होतं, एक जोडवं नीट दाबलंच नाही. तेव्हापासून मी ते दोरा गुंडाळून घालते.

तेवढ्यात सासूबाईंनी येऊन फळीला हळद-कुंकू वाहिलं.

"झाला हिचा गृहप्रवेश!" नणंद हसली.

मी फळीशेजारी, माझ्याच गादीवर, पाय ठेवला.

"हिचं झालं असंन तं आता माझं जोडवं बसवा. लई कसू नका, अन् ढिलं बी ठेवू नका."