जोडवं कापलं तेव्हा

माझं माहेर निंबोला. बाप दुसऱ्याच्या केळीत कामाला, आई कापसात, आणि मी चौथी झाले तसं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. केळीचा घड डोक्यावर घेऊन बांधावरून ट्रकपर्यंत पळायची मी, काय सांगू तुम्हाला, बाप म्हणायचा ही पोरगी चालत नाही, उडते. मशेरी आईच्या डबीतून मलाही लागली. ही दातांची सवय पायाला भोवेल असं तेव्हा कोण सांगणार?

लग्न होऊन लोधीपुऱ्यात आले. हे पावरलूमवर, आणि मी त्याच कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी सूत नळ्यांवर गुंडाळायला. लग्नात सासूबाईंनी चांदीची जाड जोडवी घातली आणि म्हणाल्या, माझा लेक आहे तोवर ही पायातून निघायची नाहीत. निघाली नाहीत. पुढं शुगर झाली, पाय सुजले, जोडवी बोटांत रुतली, तरी नाहीत.

मग तीन वर्षांमागं पोटरी धरायला लागली. घरापासून कारखाना किती, पण पानाच्या दुकानापाशी यायची आणि पोटरीत कुणी पिळा घातल्यासारखं व्हायचं. दोन मिनिटं उभी राहिले की बंद. चालले की पुन्हा. हेच तर वाईट झालं बघा, थांबलं की थांबणारं दुखणं कुणाला खरं वाटतं? कारखान्यातले हसायचे, वहिनी, प्रत्येक ओट्यावर तुमची चौकी बसवलीय का? हे म्हणायचे, कामाचं नाव काढलं की हिचा पाय दुखतो, लग्नाच्या जेवणाला जाताना नाही दुखत. दुखायचा हो तेव्हाही. मी बोलायची नाही, इतकंच. मला चारचौघांत बोलायला आधीपासून लाज.

मग पाऊल गार पडायला लागलं, उन्हाळ्यातसुद्धा, आणि जोडव्याखाली बोटाला जखम झाली. गल्लीतल्या डॉक्टरनं पाय हातात धरून नाडी शोधली, बराच वेळ शोधली, आणि म्हणाला, ये अंगूठी आज ही निकालो अम्मा, मशेरी छोडो, और पैर की नसों की जाँच कराओ. घरी येऊन साबण लावून जोडवं ओढत बसले, तर सासूबाई दारात. माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस का गं? मी ह्यांच्याकडं बघितलं. हे बिडी ओढत होते. म्हणाले, राहू दे, हळद लाव. खोटं कशाला सांगू, मीही घाबरले. हळद लावली. जाँचेचंही मग कुणी नाव काढलं नाही.

महिन्याभरात बोट काळं पडलं, वास सुटला. इंदूरला नेलं. तिथल्या डॉक्टरणीनं सांगितलं, मांडीपासून खाली रक्ताची नळी बुजलीय, आधी आला असतात तर उघडून पाहता आली असती. मला लगेच कळलं. केळीत ठिबकची नळी गाळानं बुजली की टोकाचं झाड आधी वाळतं, माझं टोकाचं झाड ते बोट. मी विचारलं, जोडव्यामुळं झालं का? ती म्हणाली, रोग जोडव्याचा नाही, पण जखम त्याची, आणि ती त्यानं झाकून ठेवली. मग नर्सनं कात्रीसारखं काहीतरी आणून जोडवं कापलं. मिनिटाचं काम. हे शेजारीच उभे होते. ह्यांना काही झालं नाही. शिंकसुद्धा आली नाही. दुसऱ्या दिवशी माझा पाय गुडघ्याखाली कापला.

आता खाटेवर असते. मशेरी सोडली, उशिरा सोडली. हे चहा करून देतात, माझ्याकडं न बघता. उरलेल्या पायातलं जोडवं मी स्वतः काढलं, त्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. बरंच झालं.

परवा लेक सासरहून आली. पाया पडायला वाकली, तर एक हात पावलाला लागला आणि दुसरा सवयीनं दुसरं पाऊल शोधत गोधडीवर थांबला. सासूबाई समोर वाट बघत बसलेल्या, की मी आता अखंड सौभाग्यवती म्हणेन. मी म्हटलं, बाई, तुझे दोन्ही पाय राहोत. दुखलं तर थांब, जग हसलं तरी थांब. आणि जोडवं रुतलं तर कुणाला विचारू नको, काढ.

चारचौघांत मी इतकं मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले.